बंद केल्यावरची तीन मिनिटं

विट्यात डिझेल हीटर कुणाला लागतो?
इथली थंडी म्हणजे शाळवावरचं दंव,
नऊपर्यंत कानटोपी, मग पुन्हा अंगभर ऊन.
पण मगदूम सरांची गाडी दारात उभी आहे,
जुन्या ट्रॅव्हलरचं केलेलं घर: एक गादी, एक ओटा,
त्रिशलावहिनींनी शिवलेले पडदे.
पौषात वर जायचं म्हणतात, बर्फापर्यंत.
गेल्या खेपेला पहाटे अडीचला हीटर खोकला आणि विझला,
वहिनींनी चहाच्या पातेल्यावर हात शेकून उजाडवलं.

सीट वर करतो. चार बोल्ट.
भाकरीच्या डब्याएवढा जीव हातात येतो.
आत काजळी, पापुद्र्यांची,
कंदिलाच्या काचेवर असते तशी नव्हे, दगडी.
ग्लो प्लग आटे धरून बसलाय.
त्याला तेल पाजतो आणि थांबतो,
जोर केला तर मानेतच मोडेल.
त्याच्याखाली नखाएवढी जाळी.
तिची भोकं बुजली की डिझेल फवारत नाही, ठिबकतं,
आणि ठिबकलेलं जळत नाही, धुमसतं.

"लई बारीक चालवला असणार,"
अण्णा म्हणतात, स्टुलावरून.
एकोणचाळीस वर्षं गलाई. अमृतसर, मग जम्मू, मग पुन्हा अमृतसर.
मूस, चिमटा, भट्टी,
लोकांचं सोनं वितळवून लोकांच्या हातात.
मोटारीतलं त्यांना काही कळत नाही.
जाळातलं कळतं.

सर म्हणतात, हो, बारीकच. डिझेल वाचावं म्हणून.
मी सांगतो, आठवड्यातनं एकदा अर्धा तास पूर्ण सोडा,
काजळी आपली आपण जळते.
उन्हाळ्यातसुद्धा, महिन्यातनं एकदा, नको असताना लावा.
आणि डिझेल वरचंच भरा,
इथलं तिथं तुपासारखं थिजतं.
सर वहीत लिहून घेतात, आधी तारीख टाकून.

धुराची नळी गाडीच्या पोटाखालून जाते.
मी क्लॅम्प आवळला. अण्णा उठले,
सकाळपासून पहिल्यांदा,
खाली वाकून जोडावर तळवा धरला.
"इथनं जातंय."
"न्हाय अण्णा, घट्ट हाय."
"साबणाचं पाणी आण."
शब्बीरनं नळीत हवा सोडली.
जोडावर एक बुडबुडा आला,
मोहरीएवढा. फुटला. पुन्हा आला.

तातोबामामाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही.
जम्मूला, दुकानामागच्या खोलीत, ऐन जानेवारीत,
दाराच्या फटीत चिंध्या कोंबून
भट्टीतले निखारे घमेल्यात घेऊन निजला.
अण्णांनी आईला पत्र धाडलं,
त्यात बाकी काही नव्हतं फारसं,
अंगावरची रजई नीट होती, एवढं होतं.

नवा क्लॅम्प घातला. पुन्हा पाणी लावलं. गप्प.
गादीशेजारी, उशीच्या उंचीवर,
विषारी हवेची घंटी बसवली.
सरांनी हिशेब विचारला तेव्हा अण्णा म्हणाले,
"घंटीचं धरू नगंस."

मग सुरू केला.
आधी पंखा, मग पंपाची पाल चुकचुकली,
पांढरा धूर, विरळ, मग नाहीच.
भर बाराच्या उन्हात, खानापूर रोडला,
गाडीतनं गरम वारा येतोय
आणि शब्बीर घामाघूम होऊन हसतोय.
अण्णा मात्र पायरीवर बसलेत,
दोन्ही हात पुढं धरून.

बंद केला.
बटण दाबलं म्हणून तो बंद होत नाही,
तीनेक मिनिटं फिरत राहतो,
आतली धग बाहेर टाकत.
"तेवढ्यात मेन स्विच काढू नका, सर.
त्याचं त्याला निवू द्या."
सरांनी तेही लिहिलं.

अण्णांचे हात तसेच,
आवाज थांबेपर्यंत,
आणि थांबल्यावरही थोडा वेळ.