शेरा

पावणेदोन वर्षांनी कुलूप काढायला गेलो
तर किल्लीच फिरेना.
गुट्टे सरांनी खोबरेलाचे दोन थेंब सोडले
आणि आम्ही दोघं आत गेलो
आपल्याच शाळेत, पाहुण्यासारखे.
फळ्यावर तारीख अजून मार्चातली.
मी ती लगेच पुसली नाही.

खो-खोच्या मैदानासाठी आणलेली फक्की
पोत्यात दगड होऊन बसली होती.
कौसाबाईनं ती बत्त्यानं फोडली
(खिचडी शिजवायची बंदी, हात मोकळेच होते)
आणि आम्ही अंगणात गोल आखले,
एका लेकराला एक. एकेचाळीस गोल.
तौफिक दुसरीत, पण शाळा पहिल्यांदाच बघायलाय;
रेषेबाहेर अंगठा काढून म्हणाला,
"मॅडम, ह्यात आउट कवा होतंय?"

फाटकापाशी स्टुलावर मी.
हातात ताप मोजायची बंदूक,
पंचायतीनं दिलेली, सेल आमचे.
कपाळ, टीं, आकडा. कपाळ, टीं, आकडा.
रजिस्टरला चार रकाने: नाव, वेळ, ताप, शेरा.
शेरा कोराच राहायचा.

मग तांड्यावरची अंबिका राठोड, चौथी.
आजीच्या फेटियाच्या उरल्या कापडाचा मास्क,
त्याच्या कडेला एक बारका आरसा.
टीं.
नव्व्याण्णव पूर्णांक आठ.
नियमाप्रमाणं तिला लिंबाखाली एकटी बसवली.
तिच्याकडं बघू नका म्हटलं,
म्हणून सगळे गोल तिच्याकडंच तोंड करून.

वीस मिनिटांनी सत्त्याण्णव.
"कुठं गेला गं ताप?"
"ताप नव्हताच, मॅडम. एसटीचा संप हाय.
म्या पळत आले."

शेऱ्यात लिहिलं: पळत आली.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी आकडा गार
आणि ती तासभर उशिरा.
चालत आली होती, सावली धरून धरून.
"लिंबाखाली एकटं बसू वाटत न्हाई."

मला काही सुचेना. बंदूक मांडीवर ठेवली.
"उद्या पळतच ये.
गार होईस्तोवर मी बसते तुझ्यापाशी.
सहा फुटांवर."

तशा बसलो, पुढचा सारा महिना,
खोडाच्या दोन अंगांना दोघी.
ती मला रस्ता सांगायची:
कॅनॉलवर कुत्रं कुठं आडवं येतं,
तुरीचे खुंट कुठं टोचतात,
कुठल्या उतारावर पाय आपोआप सुटतात.

फेब्रुवारीत जिंतूरला तालुक्याच्या स्पर्धा. दोनशे मीटर.
शेजारच्या पोरीला खिळ्यांचे बूट,
हिला तळपाय.
मास्क मनगटाला गुंडाळलेला, आरसा बाहेर.
मला गर्दीतून शेवटची रेघ दिसली नाही.
धुळीच्या पुढं एक ठिणगी पळताना दिसली,
तेवढंच.

पहिली.

प्रमाणपत्रावर नाव चुकवलं, राटोड.
टेबलामागचा माणूस विचारू लागला,
प्रशिक्षक कोण?
सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी सरांकडं.
एसटी बंद होती, असं लिहिता येत नव्हतं.

सोमवारी फाटकापाशी आधी धूळ आली, मग पोरं.
सगळी पळत.
शाळेला भिंत लागून घर असलेला तौफिकसुद्धा
पाण्याच्या टाकीला वळसा घालून, लालेलाल.
टीं, टीं, टीं, सगळे आकडे चढलेले.
लिंबाखाली जागा पुरेना.
शेऱ्यात एकदा लिहिलं, खाली नुसती ओढत गेले
,, ,, ,,

सदतिसाव्या कपाळावर सेल संपला.
सर दुकानाकडं निघाले.
रांगेत चार लेकरं उरली, धापा टाकत,
कपाळं पुढं करून, डोळे मिटून.

मी हाताची पाठ लावून बघितली.