कर्मणी प्रयोग

कुडतरीच्या मैदानावर मी एकतीस वर्षं फुटबॉल बघतोय
आणि आमच्या टीमचा एकही गोल पाहिलेला नाही.
समोरच्यांचे पाहिलेत. सगळे.
ते मला तारीखवार पाठ आहेत:
कोण कुठून धावत आला,
आमचा गोली कसा चवथीच्या माटोळीकडे बघावं
तसा मान वर करून भाविकपणे उभा राहिला.

आमचा गोल झाला तेव्हा
एकदा मी चपलेचा अंगठा बसवत होतो.
एकदा शिंकत होतो
(उघड्या डोळ्यांनी शिंकता येत नाही, करून बघा).
अठ्ठ्याऐंशी साली मैदानात म्हैस शिरली,
ती तर सगळेच बघत होते,
पण वेळेवर माना वळल्या त्या बाकीच्यांच्या.

हे पहिल्यांदा इनासच्या लक्षात आलं.
इनास बोटीवरचा, अर्धं जग हिंडलेला,
देवचाराला न भिणारा माणूस.
शांतपणे म्हणाला, "मास्तर, तूं वच. चणे हाड."
म्हटलं, आत्ताच तर आणले.
"आनीक हाड."
मी गेलो. गोल झाला.

तेव्हापासून माझी नेमणूक कायम.
एक गोल मागे पडलो की अख्खी पायरी वळून माझ्याकडे बघते,
फादरसुद्धा.
मी उठतो, पँट झटकतो,
हुतात्म्यासारखा फाटकाबाहेर जातो.

भिंतीपलीकडे पिएदादबाय बसते, चणे आणि खाजें घेऊन.
मला बघून न विचारता पुडी वळायला घेते.
"आज कितलें?"
"एक कमी."
मग आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून मॅच ऐकतो.
आता मला आवाजावरून सगळं कळतं.
चेंडू खांबाला लागला की 'आय् सायबा'.
ऑफसाइड म्हणजे मधेच मोडलेला आनंद
आणि पाठोपाठ रेफ्रीच्या आईची चौकशी.
गोलाआधी मात्र काहीच ऐकू येत नाही,
हजार माणसं एकदम श्वास आत घेतात,
पिएदादबायचा हातही पुडीवर थांबतो.

शशिकला म्हणते, तुम्ही मॅचला जाता की बाजाराला?
घरात इतके चणे साठलेत
की एखादा घोडा पाळला असता तरी परवडलं असतं.

चौथीला शिकवताना फळ्यावर लिहिलं, 'रामाने आंबा खाल्ला.'
ब्लेझ म्हणाला, सर, दुसरं उदाहरण?
मी लिहिलं, 'मी गोल पाहिला.'
कर्त्यावरून नाही, कर्मावरून चालणारं क्रियापद.
व्याकरण शुद्ध, वाक्य खोटं.
खडूची भुकटी झटकून मी पुढच्या धड्याकडे वळलो.

गेल्या मे महिन्यात फायनल.
शून्य-शून्य, शेवटचं मिनिट, आम्हाला पेनल्टी.
पायरी वळली. मी उठलो.
तेवढ्यात इनासनं माझा शर्ट धरला.
त्याला आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही,
नुसता उजेड कळतो म्हणतो,
आणि घामाच्या वासावरून कोण शेजारी बसलंय ते.
"आज बस," म्हणाला. "म्हाका सांग कितें जातां तें."

मागून कुणीतरी ओरडलं, मास्तर, गावाचा विचार करा!

मी बसलो.
आणि डोळे गच्च मिटून घेतले.
"आता चेंडू ठेवला," मी सांगू लागलो.
"चार पावलं मागे गेला. कपाळाला, छातीला हात लावला.
रेफ्री शिट्टी तोंडाशी..."
हजार माणसांनी श्वास घेतला.
"मारला, इनास. उजव्या कोपऱ्यात, खाली,
गोली डावीकडे उडला..."

पुढचं मलाच ऐकू आलं नाही.
कुणाचा तरी टॉवेल माझ्या तोंडावर पडला,
कुणी माझ्या पायावर नाचत होतं.
त्या गदारोळात इनासनं माझ्या कानाशी तोंड आणलं:
"पळयलो तुवें?"

"पळयलो," मी म्हटलं.
कोकणीतही कर्मणीच.

नंतर कळलं, गोली डावीकडे वगैरे उडाला नव्हता,
जागचा हललाच नव्हता,
आणि चेंडू मधून गेला, त्याच्या दोन्ही पायांतून.
इनासला हे कुणी सांगितलेलं नाही.
पिएदादबायनं मात्र एका पोराबरोबर पुडी पाठवली होती,
वर निरोप: बाहेर का आला नाहीस?
तिचे दहा रुपये अजून द्यायचेत.