चौथा रकाना

तासगावच्या बाहेर, मणेराजुरीच्या रस्त्याला
आमचं बेदाण्याचं शेड.
दर शनिवारी चार वाजता मी हजेरीवही उघडते.
पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात दिवस,
तिसऱ्यात काम.
चौथ्यात दर. तो माझ्या आधीपासून ठरलेला,
मी फक्त उतरवून घेते.

तायव्वापुढे तीनशे.
दऱ्याप्पापुढे साडेपाचशे.
दोघं जतकडून एकाच टेम्पोनं येतात,
टेम्पोवाला दोघांकडून सारखेच पैसे घेतो.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं.
मालक म्हणाले, पोरी, बाप्यानं पंधरा किलोची पेटी
खांद्यावरनं ट्रकात चढवायची असते.
बायका काय, बसूनच तर असतात.
मला पटलं.
खांद्याला घाम येतो, तो दिसतो.

तायव्वा बसूनच असते.
काडी, खडा, करपलेला मणी, पिवळ्यात घुसलेला काळसर,
बोटं जातात आणि येतात
आणि मान दुपारच्या चहालाच वर होते.
तिच्या टेबलावरचा माल सौद्यात
किलोमागं दहा रुपयांनी चढाच जातो.
ते दहा रुपये कुठल्या रकान्यात लिहायचे
हे मला कोणी सांगितलेलं नाही.

लल्लन राजभर पेट्यांना पट्टी मारतो. साडेचारशे.
शंभर कमी, कारण राहायला फुकट,
शेडच्या मागं, बारदानाच्या ढिगाशेजारी.
रात्री कुत्री भुंकली की बॅटरी घेऊन तोच उठतो.
राखणीचा दर वहीत नाही.

आणि इंदा ऐवळे, गंधकाच्या खोलीत.
दोनशे सत्तर.
तीस का कमी, हे मालकांनाही नीट सांगता येईना.
तिची आईपण तिथंच होती, म्हणाले.
खोकते फार, तिला निवडायला बसवूया, मी म्हटलं.
इंदा आली. पदर सावरून उभी राहिली.
बाकावर जागा नव्हती असं नाही,
पण बायका जराजरा पसरल्या, तायव्वासुद्धा,
आणि जागा झाली नाही.
खाण्याचा माल आहे बाई, कोणीतरी हळूच म्हणालं.
इंदाच्या हातची धुरी घेतल्याशिवाय
इथला एक मणी पिवळा राहत नाही.
ती परत आत गेली.

दिवाळीनंतर सरकता पट्टा आला.
पेट्या आपल्या आपण ट्रकात चढू लागल्या.
दऱ्याप्पा आता बटण दाबतो,
पट्टा अडलाच तर एक लाथ घालतो.
मी चौथ्या रकान्यापाशी पेन धरून थांबले.
बाप्याला बाप्याची हजेरी, मालक म्हणाले,
त्यात काय विचारायचं?
ओझं गेलं होतं.
ओझ्याचे पैसे होते तिथंच होते.

दऱ्याप्पाला नावं ठेवत नाही मी.
साडेपाचशेत त्याचंही भागत नाही,
सोमवारी उचल मागायला पहिला तोच येतो.

मग मार्चमध्ये, जुन्या वह्या वाळवी लागली म्हणून
जाळायला काढल्या, तेव्हा सापडले
माझ्या आधीचे दिवाणजी. महिना चौदा हजार.
सहा वर्षांपूर्वीचे.
मला आज साडेनऊ.
त्यांच्यावर घर होतं गं, मालक म्हणाले,
आणि अगदी मायेनं म्हणाले,
तुझं काय, उद्या लग्न होऊन जाशील.
इतकी वर्षं मी दुसऱ्यांचा रकाना भरत होते
आणि माझाही कोणीतरी
तसाच उतरवून घेतलेला होता.

ती वही मी जाळली नाही.

गेल्या शनिवारी पाकिटं वाटण्याआधी
मी उभी राहून वही वाचली.
नाव, दिवस, काम, दर.
नवीन काहीच नव्हतं त्यात,
सगळ्यांना सगळं माहीत होतं,
फक्त मोठ्यानं कोणी म्हटलेलं नव्हतं.
शेवटी माझं नाव वाचलं. मग दिवाणजींचं.
तायव्वा बोटांकडं बघत राहिली.
गंधकाच्या खोलीचं दार अर्धं उघडलं.
मालकांनी हातानं खूण केली, बस आता,
पण पट्ट्याच्या घरघरीत माझा आवाज
तसाही मागपर्यंत पोचत नव्हता.

तेवढ्यात पट्टा थांबला.
कोणी थांबवला, मी पाहिलं नाही.
बटण मात्र एकाच माणसाजवळ असतं.

मी पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली.