निळा बर्फ

खाण्याचा बर्फ पांढरा.
न खाण्याचा निळा.
एवढाच नियम, पाठही करावा लागत नाही.
मासळी, मयत, औषधांच्या पेट्या
ह्यांच्यासाठी निळा;
जिभेसाठी पांढरा.
ज्या साहेबांनी हे ठरवलं त्यांना वाटलं असेल,
निळं दिसलं की माणूस हात मागे घेईल.

त्यांनी तलावपाळीवर कधी गोळा खाल्लेला नसावा.

सिव्हिलच्या मुलांच्या वॉर्डात
चरईतली सात वर्षांची ओजस्वी, हाताला सलाईन.
कुठला खाल्लास गं, मी विचारलं.
ओठ सुकलेले, तरी लगेच म्हणाली,
"निळा. निळाच भारी असतो."
शेजारच्या खाटेवरचा मुलगा म्हणाला, हॅट, काला खट्टा.
त्यावरून भांडले दोघं,
आईने गप्प केलं, पुन्हा उलटी होईल म्हणून.

अकरा मुलं. एक संध्याकाळ.
एक गाडी, असा संशय.

म्हणून आज मी, स्वच्छता निरीक्षक, वर्ग तीन,
तुळशीराम पाचंगेच्या गाडीसमोर उभी आहे
पिशवीत घरची पांढरी बशी घेऊन.
ही युक्ती कुठल्या परिपत्रकात नाही.
नुसत्या लादीकडे बघून कळत नाही;
कारखानेवाले रंग टाकतात तो बेताने,
कागदावर असेल इतका,
डोळ्यांना दिसणार नाही इतका.
चिनीमातीवर तुकडा ठेवला
आणि वाट पाहिली.

कडेकडेने उतरली नीळ.
आई बाबांच्या सदऱ्याला घालायची तेवढीच,
शेवटच्या पाण्यात, चिमूटभर,
पांढरं अजून पांढरं दिसावं म्हणून.

पाचंगे बशीकडे बघत होता. नाही म्हणाला नाही.
"पांढरी लादी दुप्पट भावाने, बाई.
ती पण चारनंतर मिळत नाही.
आणि दोन्ही एकाच नळाच्या, डोळ्यांनी बघितलंय मी.
निळीत फक्त रंग जास्तीचा."
त्याने प्रमाणपत्र काढून दिलं, लॅमिनेट केलेलं,
फोटोतल्या पाचंगेचे केस काळे.
मागे अटी. सातवी: पाणी शुद्ध असावे.
कुठून आणावे, ते लिहिलेलं नाही.
मग जरा थांबून:
"पोरं बरी आहेत ना?"
दहा घरी गेली, मी म्हटलं.
त्याने पुढचं विचारलं नाही.
किसणीवरचा हातही काढला नाही.

बाटली, लाख, सही.
नमुना थंड राहायला हवा प्रयोगशाळेपर्यंत.
आमचा धुमाळ पेटी घेऊन आला, बर्फ भरून.
मी झाकण उघडलं.
आत निळा.
बरोबरच आहे, तो कुणी खायचा नाही.
तरी मी झाकण पटकन लावलं,
पाचंगेला दिसायच्या आत.

दिसलंच असेल.

लादी जप्त करून ठेवता येत नाही,
जागच्या जागी फोडायची असते.
धुमाळने पहार घातली. तुकडे गटाराकडे घसरले,
खांबावरच्या दिव्याखाली क्षणभर
सगळे पांढरेशुभ्र.
एका पोराने चपलेच्या टोकाने एक अडवला,
उचलायला वाकला,
आणि मी ओरडले.
एवढ्या मोठ्याने मी घरीही ओरडत नाही.
पूर्ण तलावपाळी वळून बघायला लागली,
घोडागाडीवाला, भेळवाली, जोडपी.
पोरगा बिचारा रडकुंडीला आला.
त्याच्या मुठीत दहाचं नाणं होतं.

पंचनाम्यात लिहिलं:
किसणी एक, सरबताच्या बाटल्या सहा,
पोतं एक, ओलं.
अहवाल चौदा दिवसांनी येईल.
त्यात काय निघेल मला ठाऊक नाही,
आणि ओजस्वी अजून तिथेच आहे.

"पोतं तेवढं राहू द्या, बाई,"
पाचंगे म्हणाला,
"पांढऱ्यालाही लागतंच."

मी यादीतलं पोतं खोडलं.