दुभाष्याचं मानधन

पावतीवर लिहिलं होतं : भाषांतर, एक दिवस.
सुर्ल्याच्या सड्यावर सकाळी साडेसहाला मी हजर,
वही, दोन पेनं
आणि इंग्रजीचे सगळे काळ घेऊन.

पणजीहून मिनीबस आली. बावीस माणसं उतरली.
वेताच्या पाटीत सगळ्यांचे फोन गोळा झाले.
जांभ्यावर दव, गवत घोट्याला गार,
खाली म्हादईच्या खोऱ्यात धुकं
निवत ठेवलेल्या पेजेसारखं.

रिस्तेन पुढे. निळा झगा, लाल किनार,
पायांत मात्र वाळपईच्या बाजारातल्या रबरी चपला.
तिचे बूट आमच्या उन्हाला घाबरले, म्हणाली.
एवढं मी मराठीत सांगितलं. लोक हसले.
मग ती गायला लागली
आणि माझं काम संपलं.

शब्दच नव्हते.
लो, लो, ला, नु —
चार पावलांत मावेल एवढंच,
पुन्हा तेच, चढ आला की किंचित वाकलेलं.
एका बाईंनी दंडाला हात लावून विचारलं, काय म्हणते?
म्हटलं, थांबा, वाक्य पूर्ण होऊ दे.
वाक्य पूर्ण होईना.
करवंदीची जाळी मागे पडली, गव्यांचं शेण मागे पडलं,
चिरेखाणीच्या चौकोनी खड्ड्याशी ती थांबली,
आतल्या हिरव्या पाण्याला
जरा हळू आवाजात तेच दिलं
आणि निघाली.

कुंभ्याच्या सावलीत बसल्यावर म्हणाली,
हे रेनडिअरबद्दल नाही. हा रेनडिअरच आहे.
माझ्या भावाचा. एक शिंग मोडलेला.
ओढा ओलांडताना कायम मागे राहतो.
मी 'बद्दल' काढून पाहिलं.
वाक्य लंगडलं.
तसंच लंगडत पुढे दिलं.

धनगरवाड्याच्या वईशी ठकी झोरे उभी होती,
डोईवर गवताचा भारा, कमरेला कोयती.
भारा न उतरवता तिने तीन फेऱ्या ऐकल्या.
मग मला : "हिचीं ढोरां सांडलीं काय रे?"

सांडलीं.
हरवली म्हणावं, की ओंजळीतून ओघळली?
मी दोन्ही अर्थ दिले, एकाच्या पैशांत.
रिस्तेनने मान हलवली.
ते हो होतं की नाही, मला विचारू नका,
तिच्याकडची मान मला येत नाही.

ठकीने भारा टाकला.
तोंडाशी हाताची पन्हळ केली :
हूऽऽ मोऱ्येऽऽ, हूऽऽ
मोरी म्हणजे म्हैस. कपाळावर चांद.
गेल्या कार्तिकात वाघाने नेली.
पंचनाम्याचा कागद कचेरीत अजून
या टेबलावरून त्या टेबलावर चरतो आहे.
मोरी नाही हे अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं,
हाकेला नव्हतं.

रिस्तेनने त्या हाकेचं शेपूट धरलं,
लो, लो,
ठकी पुढे, ती मागे, मागे बावीस,
उतारावर कुणाची टोपी उडाली, कुणी उचलली नाही.
गोठणीवरच्या म्हशींनी माना वर केल्या.
एक तर चार पावलं चालून आली,
चष्म्यांची एवढी रांग पाहिली
आणि पुन्हा रवंथ करू लागली.

मग दोघी थांबल्या.
शेवट केला नाही, नुसत्या थांबल्या,
पाय काढून घ्यावा तशा.
टाळ्या वाजवायच्या नाहीत असं ठरलं होतं,
तरी एकाचे हात उठले
आणि तिथेच राहिले.
"दूध काढूंक जाय," ठकी म्हणाली आणि गेली.
याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

संध्याकाळी सही केली. पैसे मोजून घेतले.
वहीत एकच ओळ : हिचीं ढोरां सांडलीं काय रे?
खाली उत्तराची जागा सोडलेली.
चोर्ल्याच्या तिसऱ्या वळणावर स्कूटर बंद केली,
इकडेतिकडे पाहिलं,
आणि दरीत एकदा हूऽऽ करून बघितलं.
खालून कुठलंसं कुत्रं भुंकलं.

नाव घालायला हवं होतं.