पोत्यामागं अर्धा किलो

सांगलीच्या यार्डात एकतीस वर्षं
ह्यांनी दुसऱ्यांची हळद तोलली.
कॉलर पिवळी ती पिवळीच.
मी सोडा घातला, लिंबू चोळलं,
उन्हात टाकली की थोडी उतरायची,
पुढच्या सौद्याला परत तेवढीच.

बोलणं आधीपासूनच बेताचं.
लग्नानंतर आठव्या दिवशी पहिलं सबंध वाक्य आलं :
"कुकरचा दांडा सैल आहे."
आणि स्क्रू आवळून दिला.
मला वाटलं होतं, काहीतरी दुसरं म्हणतील.
पुढं कळलं, दुसरं ते हेच.

माझ्या गोळ्या वारांच्या पुड्यांत.
मंगळवारची पुडी बुधवारी सापडली
तर रागावत नाहीत, पाण्याचा तांब्या घेऊन
समोर उभे राहतात.
त्यापेक्षा रागावलेलं बरं.

एका दिवाळीला पेढीवरून स्टीलचा डिनर सेट आला.
माझ्या वाट्या मोजून झाल्या होत्या.
संध्याकाळी तोच खोका, तीच सुतळी, तीच गाठ
सायकलच्या कॅरिअरवरून परत.
"गाठ तरी तशीच कशी बसली?"
"तू सोडताना बघितली होती," म्हणाले.

तेव्हा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.
भूपालच्या वेळी वाटला नाही.

भूपाल माझा पाठचा भाऊ, समडोळीचा.
त्या साली त्याच्या बायकोचं ऑपरेशन, मिरजेत खाट,
आणि हा चाळीस पोती घेऊन यार्डात.
काट्यावर दाजी दिसले, त्याला हायसं वाटलं.
"दाजी, पोत्यामागं अर्धा किलो. तुमचं काय जातंय?"
हे पोत्याच्या तोंडाची सुतळी नीट करत राहिले.
मग आकडा सांगितला. होता तेवढा.
मागं हमाल हसले म्हणे.

चाळीस पोती, वीस किलो.
वीस किलोपायी माझी भाऊबीज गेली, सतरा वर्षं.

दुसऱ्या दिवशी पतपेढीतून पैसे काढून
हे मिरजेला गेले. भूपालनं घेतले नाहीत.
परत आणून पासबुकात भरले.
"उशाशी ठेवून यायचं की ओ!"
"तो नको म्हणाला."
एवढंच.

दशलक्षण संपलं की क्षमावणीला
आयर्विनवरून सायकल काढतात.
समडोळीत उंबऱ्याबाहेर उभं राहून हात जोडतात :
"उत्तम क्षमा."
आतून कुणी काही म्हणत नाही.
पाणी न पिता परत.
मी एकदा फणकारलेच,
"चूक नव्हती, तर क्षमा कशाची?"
बराच वेळ चेन पुसत बसले.
"वजन बरोबरच होतं.
पण त्याला लागलं की."

यंदा भूपालच्या सुनेनं बाहेर ताक आणून दिलं.
मी दारातच धरलं, "काय म्हणाली? तो होता का घरात?
ताक कसं होतं?"
"आंबट," म्हणाले,
आणि सायकलला कुलूप लावलं.

आता यार्ड सुटलं.
संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून
हे सूर्याकडं बघतात, मी गॅसकडं.
आमच्यात दिवस मावळला की जेवण नाही.
परवा मला बस्तीतून यायला उशीर झाला,
बायका भेटल्या, बोलत राहिले,
भाकरी थापेपर्यंत उजेड गेला.
ताट हातात घेऊन मी तशीच उभी.
ह्यांनी ते माझ्या हातून घेतलं, ओट्यावर ठेवलं,
वर झाकण घातलं.
"भूकच नव्हती आज."

दुपारी एका भाकरीवर उठलेला माणूस.
रात्री कूस बदलताना पोट वाजलं, मी ऐकलं.
गुंजभर काटा न हलू देणाऱ्याचं
हे एवढं एक खोटं
माझ्याकडं आहे.
मी ते कुणाला तोलायला देणार नाही.