वगळलेलं वळण

नदी म्हणायचं ते आपलं रीत म्हणून.
उगमाशी, पीटच्या दलदलीत, ती नुसती ओल असते,
बूट रुतला की कळते.
मग तारेच्या कुंपणाखालून निघते कोऱ्या चहाच्या रंगाची,
आणि बॅलिनॅशच्या पुलाशी येईतो
तिला कंठ फुटलेला असतो.

अट्रॅक्टा टूही पुलाखालून सुरुवात करते.
वय एकाहत्तर. टपाल वाटायचं काम सुटलं, पिशवी तीच.
तिच्यात पाव, दोन टोमॅटो,
आणि तंबाखूच्या डबीत सशाच्या कानाचे केस गुंडाळून
तिने स्वतः बांधलेल्या खोट्या माश्या.
माझ्या भाषेत माशी आणि मासा शेजारी राहतात,
मी तिला सांगितलं.
इथेही, ती म्हणाली, आणि दोरी फेकली.

शाळेमागच्या डोहात वीतभर ट्राउट. सोडून दिला.
गिरणीच्या पडक्या बंधाऱ्याखाली, फेसात, अजून एक.
हा ठेवला.
मग ती काठावर चढते, पँट पिळते,
चार फाटकं रस्त्याने चालते,
आणि कबरस्तानाच्या भिंतीपाशी पुन्हा पाण्यात उतरते.
मधलं वळण?
तिथे काही नाही.

नाही कसं. पबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे:
तिच्या भावाचा, फर्सीचा, मुरघासाचा खड्डा फुटला
त्या उन्हाळ्यात, रात्रीतून.
सकाळी पाणी काळं, आणि काठाला पांढरी पोटं.
तिने मोजली. चारशे बारा.
रजिस्टर पत्राच्या पावतीमागे आकडा लिहिला.
निरीक्षक आला तेव्हा पावती खिशात होती,
ती तिथेच राहिली.
बहीणभावाचं बोलणंही.
छत्तीस वर्षं.

या जूनमध्ये, दिवस नऊ वाजले तरी मावळेना,
चौथ्या फाटकाला काठी टेकून फर्सी उभा होता.
कुबड आलेलं, स्वेटर उलटा.
पिशवीकडे बघत त्याने विचारलं
जे इथे कुणीही कुणालाही विचारतं:
काही लागलं का?

ती थांबली. मी पाण्याकडे बघत राहिलो.
लागलं होतं, म्हणाली.

त्याने फाटक उघडलं. बिजागरी गंजलेली,
दोघांना मिळून ढकलावं लागलं.

त्या वळणात तासभर काहीच आलं नाही.
खाली, अडीच मैलांवर, समुद्राची भरती
वाट अडवून उभी होती,
आणि पाणी तेवढ्यापुरतं
मागे सरकत होतं.